ध्वनिमुद्रिकांचे आयुष्य ठरविणारे आतले पाकीट

सप्टेंबर १९७७ मध्ये केसरबाई केरकर यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या स्वरातील साडेतीन मिनिटांची भैरवी अवकाशात मार्गस्थ झालेली होती. अमेरिकेच्या ‘नासा’ने त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची एक ध्वनिमुद्रिका ठेवलेली आहे. तीत भारतीय संगीताचा एकमेव नमुना म्हणून ही भैरवी समाविष्ट आहे. सोन्याचा मुलामा दिलेली ही तांब्याची तबकडी आकाराने नेहमीच्या लाँग प्ले रेकॉर्डइतकीच, म्हणजे बारा इंचांची आहे. अवकाशातील सूक्ष्म कणांच्या माऱ्यापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमचे आवरण घातलेले आहे.

पृथ्वीवर मात्र त्याच केसरबाईंच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या ध्वनिमुद्रिका अनेक घरांतून पिवळ्या पडलेल्या, कडा फाटलेल्या कागदी पाकिटांत उभ्या आहेत. रेकॉर्ड प्लेअर कोणता घ्यावा, सुई कोणती बसवावी, यावर रसिक तासन्‌तास चर्चा करतात. ज्याला तबकडी प्रत्यक्ष चिकटून वर्षानुवर्षे राहते, त्या आतल्या पाकिटाचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः तबकडी सुईखाली वर्षातून दोन-चार तास असते; उरलेला सारा काळ ती पाकिटात असते. शिवाय प्रत्येक वेळी ऐकताना ती एकदा बाहेर येते आणि एकदा आत जाते. तिच्यावरील बारीक ओरखड्यांचा मोठा भाग या ये-जा करण्यातूनच निर्माण होतो.

अर्धा किलोमीटरची खाच

हे नुकसान इतके महाग का पडते, हे समजण्यासाठी तबकडीची रचना पाहावी लागते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली व्हायनिलची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आणली. ती मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. बावीस मिनिटांच्या एका बाजूस सुमारे ७३० फेरे होतात. ही सर्पिल खाच उलगडून सरळ केली, तर तिची लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. तिची रुंदी मात्र माणसाच्या केसाच्या जाडीएवढीच असते. गायकाचा स्वर, तंबोऱ्याचा झंकार, तबल्याचा ठेका हे सारे या खाचेच्या दोन भिंतींवरील सूक्ष्म वळणांच्या रूपाने कोरलेले असते.

सुईचा भार साधारणपणे दीड ते दोन ग्रॅम असतो. तथापि तो भार अत्यंत लहान टोकावर एकवटत असल्यामुळे खाचेवरील दाब प्रचंड असतो. अशा वेळी खाचेत धुळीचा कण असेल, तर सुई त्याला भिंतीवर रगडते. कण नंतर निघून जातो, पण भिंतीवरील इजा कायम राहते आणि पुढच्या प्रत्येक वादनात त्याच जागी टकटक ऐकू येते. धूळ पुसता येते. धुळीने केलेली जखम पुसता येत नाही. म्हणूनच तबकडी स्वच्छ करण्याइतकेच ती स्वच्छ ठेवणेही महत्त्वाचे ठरते, आणि ते काम आतल्या पाकिटाचे आहे.

कागदाचे दोष

साधे कागदी पाकीट स्वस्त असते, ताठ राहते आणि त्यात हवा खेळते. परंतु कागद हा दिसतो तितका मऊ नसतो. त्याचे तंतू व्हायनिलवर घासले जाऊन केसासारखे बारीक ओरखडे पडतात. जुना, हलक्या प्रतीचा कागद कालांतराने ठिसूळ होतो व त्याचा भुगा तबकडीवर साचू लागतो. म्हणजे धुळीपासून रक्षण करण्यासाठी असलेले पाकीटच धुळीचे उगमस्थान बनते.

दुसरा दोष विजेचा. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा शालेय प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. व्हायनिल कागदावर घासले गेले की त्यावरही अशीच स्थितिक विद्युत निर्माण होते आणि तबकडी भोवतालच्या हवेतील धूळ आपल्याकडे खेचते. हवा जितकी कोरडी, तितका हा परिणाम अधिक. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा पुण्याच्या हिवाळ्यात पाकिटातून तबकडी काढताना जी तडतड जाणवते, ती मुंबईच्या दमट हवेत तितकीशी जाणवत नाही. मुंबईचा प्रश्न निराळा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिक

कागदाऐवजी प्लॅस्टिक वापरावे, एवढे म्हणून भागत नाही. कारण प्लॅस्टिकचे सर्व प्रकार सारखे नाहीत. व्हायनिलच्या तबकडीसाठी जास्त घनतेचे पॉलिथिन सर्वांत विश्वासार्ह मानले जाते. हे दुधी रंगाचे, पातळ व हाताळताना सळसळणारे असते. ते रासायनिकदृष्ट्या स्थिर असून तबकडीवर काहीही सोडत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ध्वनिमुद्रिकांच्या जतनाविषयीचा पिकेट व लेमको यांचा सविस्तर अहवाल १९५९ सालीच प्रसिद्ध केला होता; तेव्हापासून साठवणुकीच्या साहित्याची निवड हा अभिरुचीचा नव्हे, तर रसायनशास्त्राचा विषय झाला आहे.

बाजारात चांगल्या पाकिटांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला, बाहेरून कागद आणि आतून पॉलिथिनचे अस्तर. हे ताठ असल्यामुळे कव्हरमध्ये सहज सरकते व रोजच्या वापरास सोयीचे पडते. दुसरा, पॉलिथिनच्या दोन थरांमध्ये पातळ कागद असलेले तिपदरी पाकीट. ते मऊ व टिकाऊ असते, पण किंमत अधिक. तिसरा, केवळ पॉलिथिनचे, तळाशी अर्धगोलाकार असलेले जपानी पद्धतीचे पाकीट. यात स्थितिक विद्युत कमी करणारे द्रव्य मिसळलेले असते. ते अगदी पातळ असल्याने कव्हरमध्ये सरकवताना दुमडण्याचा संभव असतो; म्हणून पुष्कळ संग्राहक ते मूळ कागदी पाकिटाच्या आत घालून वापरतात. ‘अँटिस्टॅटिक’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. असे पाकीट नवी विद्युत कमी निर्माण करते. आधीच बसलेली धूळ ते काढीत नाही.

टाळावयाचे प्लॅस्टिक म्हणजे मऊ पीव्हीसी. येथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण तबकडी स्वतःही पीव्हीसीचीच असते. फरक असा की, पाकीट लवचीक व्हावे म्हणून त्यात मऊपणा आणणारी तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्ये कालांतराने बाहेर येतात आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. मग तबकडीवर धुरकट, दुधी डाग उमटतात, सळसळ ऐकू येऊ लागते आणि हे डाग बहुधा धुऊनही जात नाहीत. जाड, काचेसारखी पारदर्शक, हाताला किंचित चिकट लागणारी व विशिष्ट वास येणारी पाकिटे या जातीची असतात. कव्हरवर बाहेरून घालावयाच्या पिशव्यांनाही हाच नियम लागू आहे.

शंका असल्यास घरच्या घरी परीक्षा करता येते. पाकिटाचा लहानसा तुकडा कापून पाण्यात पूर्ण बुडवावा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाकावेत. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलकी असल्यामुळे तुकडा वर येऊन तरंगतो. पीव्हीसी पाण्याहून जड असल्यामुळे तुकडा तळाला बसतो. तळाला बसलेले पाकीट संग्रहातून बाद करावे.

लाखेच्या तबकड्यांचा न्याय वेगळा

कोलकात्यात १९०२ साली गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून पुढील सुमारे अर्धशतक भारतीय संगीत ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर साठवले गेले, त्या व्हायनिलच्या नव्हत्या. लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणातून त्या घडवल्या जात. लाखेची तबकडी कठीण, जड, परंतु काचेसारखी ठिसूळ असते. तिला कागदाच्या ओरखड्यांचे भय कमी. ओल कोंडण्याचे व तुटण्याचे भय अधिक. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल अडकून बुरशी धरू शकते. म्हणून अशा तबकड्यांसाठी आम्लरहित, जाडसर कागदाचे पाकीटच योग्य ठरते. या तबकड्या बहुधा दहा इंची असतात. त्या बारा इंची पाकिटात घातल्यास आत घसरून कडा तुटण्याचा धोका असतो. त्यामुळे पाकीट मापाचेच असावे.

स्वच्छता करतानाही हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लाखेच्या तबकडीवर वापरू नये. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेही जाते.

काढण्या-घालण्याची रीत

उत्तम पाकीटही चुकीच्या सवयींपुढे निरुपयोगी ठरते. तबकडी पाकिटातून ओढून काढू नये. पाकिटाच्या दोन कडा हलकेच दाबल्या की तोंड उघडते व पाकीट तबकडीपासून सुटते. मग पाकीट किंचित कलते करून तबकडीची कड तळहातावर घ्यावी आणि बोटे मधल्या लेबलाला टेकवावीत. खाचांना बोट लागता कामा नये, कारण बोटावरचा घाम व तेलकटपणा धूळ धरतो आणि पावसाळ्यात बुरशीचे खाद्य होतो.

पाकीट कव्हरमध्ये घालताना त्याचे तोंड कव्हरच्या तोंडाच्या दिशेने न ठेवता वरच्या बाजूस ठेवावे. असे केल्याने धुळीचा मार्ग बंद होतो आणि कव्हर उचलताच तबकडी घरंगळून खाली पडण्याची भीती राहत नाही. नव्या पाकिटात तबकडी घालण्यापूर्वी ती स्वच्छ केलेली असावी. मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली तबकडी तशीच नव्या पाकिटात घातली, तर पाकीटही मळते आणि पुढे धुतलेली तबकडी पुन्हा त्याच मळात परतते. व्हायनिलसाठी शुद्ध केलेले पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ कापड पुरेसे असते. लेबल कोरडे ठेवावे, कापड खाचेच्या दिशेने फिरवावे, साध्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे आणि तबकडी पूर्ण वाळल्यावरच पाकिटात घालावी.

पावसाळ्याचे चार महिने

मुंबई, कोकण व गोव्यात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. बुरशीला साधारण पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रताही पुरते. व्हायनिलपेक्षा तिला कागद, पुठ्ठा व त्यावरील खळ अधिक प्रिय असते. कसरही त्याच खळीच्या मागे येते. म्हणजे या हवेत जुने कागदी पाकीट केवळ ओरखड्यांमुळे नव्हे, तर बुरशीची पहिली वस्ती म्हणूनही धोक्याचे ठरते. पांढुरके ठिपके पडलेले पाकीट वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. ते टाकून द्यावे, तबकडी धुवावी आणि तोपर्यंत ती इतर संग्रहापासून अलग ठेवावी. हे काम नाकातोंडावर फडके बांधून, मोकळ्या हवेत करणे इष्ट.

तबकड्या बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकून ठेवू नयेत. त्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. कव्हरसह एका लाँग प्लेचे वजन पाव किलोच्या आसपास भरते. शंभर तबकड्यांची चळत केली, तर तळच्या तबकडीवर सुमारे पंचवीस किलोंचा भार पडतो. उभ्या ठेवतानाही त्या तिरक्या झुकल्या किंवा गच्च कोंबल्या जाऊ नयेत, अन्यथा पाकीट कोणतेही असो, तबकडी वाकण्याचा धोका राहतो.

जुने पाकीट फेकण्यापूर्वी

नवे पाकीट आले म्हणजे प्रत्येक जुने पाकीट कचऱ्यात जावे, असे नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या पाकिटांवर कंपनीचे बोधचिन्ह असे आणि पुष्कळदा विक्रेत्याचे नाव-पत्ताही छापलेला असे. कोणत्या गावी कोणाच्या दुकानात तबकड्या विकल्या जात, याची नोंद कित्येकदा याच कागदांवर शिल्लक आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने ध्वनिमुद्रिकांबरोबरच अशा माहितीचे मोल अभ्यासकांपुढे आणले आहे. बुरशी नसलेले छापील पाकीट सपाट करून कव्हरमागे स्वतंत्र ठेवता येते.

सीडी, संगणक व मोबाइलवर आज असंख्य गाणी उपलब्ध असली, तरी ७८ फेऱ्यांच्या काळातील कितीतरी गायन-वादन पुन्हा कधीच प्रकाशित झालेले नाही. एखाद्या विस्मृत गायिकेची चीज, एखाद्या नाटक मंडळीचे पद, हे कोणा आजोबांच्या कपाटातील एकुलत्या एका तबकडीवरच उरलेले असू शकते. ती तबकडी भंगली, तर तिची दुसरी प्रत कोठून आणणार? संग्रह मोठा असल्यास सारी पाकिटे एकदम बदलणे खर्चाचे वाटेल. अशा वेळी आधी दुर्मीळ तबकड्या, मग वारंवार ऐकल्या जाणाऱ्या आणि शेवटी उरलेल्या, असा क्रम ठरवावा. पहिले काम मात्र आजच करता येण्याजोगे आहे: कपाट उघडून कोणत्या तबकडीला कोणते पाकीट आहे, हे एकदा पाहून घेणे.