गोळी चालू आहे, पण माणूस परतला का?



घरात कुणाला मोठा मानसिक आजार झाला की रोज एकच प्रश्न विचारला जातो: गोळी घेतली का? हा प्रश्न चुकीचा नाही. औषध मनाने अचानक बंद केले तर आजार उलटू शकतो. पण आरडाओरड थांबली, म्हणजे माणूस बरा झाला, असे समजून आपण तिथेच थांबतो. चाकणला कंत्राटी कामावर जाणारा मुलगा आजारातून सावरतो, तरी घरचे त्याच्या हाती पैसे देत नाहीत, लग्नकार्याला नेत नाहीत. दवाखान्यात डॉक्टर त्याच्याशी न बोलता भावाशी बोलतात. आजार ओसरतो, पण घरातली त्याची जागा त्याला परत मिळत नाही.

लक्षणे कमी करणे हा उपचाराचा अर्धाच भाग आहे. माणसाला त्याचे काम, नाती आणि स्वतःचे निर्णय परत मिळणे हा उरलेला अर्धा भाग. काहींची लक्षणे पूर्ण जात नाहीत, तरी ते नोकरी आणि संसार नीट करू शकतात. त्यासाठी उपचार त्या माणसाला विचारून ठरावा लागतो.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. काही औषधांनी सकाळी गुंगी येते. पहिल्या पाळीला मशीनवर उभे राहायचे, तर हात जाण्याची भीती. म्हणून कामगार गुपचूप गोळ्या सोडतो आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात. पाळी कोणती, झोप किती, हे डॉक्टरांना कळले तर औषधाची वेळ, मात्रा किंवा औषधच बदलता येते.

आधार डॉक्टरांकडूनच मिळतो असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ मध्ये ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिले गेले. ती दुःखी माणसाला चार-सहा वेळा भेटत, ऐकून घेत, सरकारी योजना मिळवायला मदत करत. पुढे तो गुजरातमध्ये गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्याची दखल घेतली. आपल्या विहारात, महिला मंडळात असे ऐकणारे तयार होऊ शकतात.

आपल्याला पटाचारा ठाऊक आहे. नवरा, मुले, आईवडील गेल्यावर ती भान हरपून फिरू लागली. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. पुढे तीच विनयाची जाणकार थेरी झाली.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला आपला आजार, उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क आहे. त्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. साखळीने बांधण्यास बंदी आहे. घरच्यांनी नाकारले एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे कोणीही सज्ञान व्यक्ती आधी लिहून ठेवू शकते आणि आपला प्रतिनिधी नेमू शकते. तातडीच्या उपचारांना मात्र ही आगाऊ सूचना लागू नाही.

ईएसआय कार्ड असेल तर स्किझोफ्रेनियासारख्या आजारात, किमान २ वर्षांची विमा सेवा आणि वर्गणीची अट पूर्ण असल्यास, सरासरी वेतनाच्या ८० टक्के भत्ता कमाल २ वर्षांपर्यंत मिळू शकतो. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा.

आपण काय करावे?

वायसीएम किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाताना रुग्णालाच पुढे बसवा. त्याच्या तीन अडचणी आणि एक इच्छा कागदावर लिहून न्या. घरी त्याला छोटी जबाबदारी द्या: बाजार, मुलांचा अभ्यास, विहारातली पुस्तके. बुवा-मांत्रिकाकडे पैसा आणि वेळ घालवू नका. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

आणि आज संध्याकाळी गोळीबरोबर दुसराही प्रश्न विचारा: तुला काय करावंसं वाटतं?