इंजिन दुरुस्त करणारे हात आणि इंजिन घडवणारे हात

मुरगाव बंदरातून निघून सह्याद्री चढत कॅसलरॉकला पोहोचणाऱ्या लोहमार्गाविषयी गोव्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. दूधसागरचा धबधबा, घाटातील बोगदे, पोर्तुगीज व ब्रिटिश सरकारांमधील १८७८ चा करार हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. मात्र वाफेच्या काळात इंजिनांची देखभाल कशी होत असे, आणि ती आपल्याच देशात का बांधली जात नव्हती, हा प्रश्न सहसा मागे राहतो. त्याचे उत्तर रेल्वेच्या कारखान्यांच्या इतिहासात सापडते.

प्रथम शेड आणि कारखाना यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. शेडमध्ये इंजिनाची रोजची देखभाल होते: राख काढणे, पाणी-कोळसा भरणे, तेल देणे, किरकोळ दुरुस्ती. कारखान्यात मात्र ठरावीक काळानंतर संपूर्ण इंजिन उकलले जाते. क्रेनने ते चाकांवरून उचलतात, झिजलेली चाके लेथवर चढवतात, बॉयलरच्या नळ्या बदलून दाबाची चाचणी घेतात. त्यासाठी ओतशाळा, लोहारखाना, बॉयलर विभाग आणि जुळणी विभाग असे सर्व काही एकाच आवारात असावे लागते.

भारतात हे कारखाने उभे राहिले ते गरजेपोटी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तिची इंजिने इंग्लंडहून जहाजाने आली होती. एखादा सुटा भाग मोडला तर तो तिथून येईपर्यंत इंजिन महिनोन्महिने उभे ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून भाग इथेच घडवणे भाग पडले. ईस्ट इंडियन रेल्वेचा जमालपूरचा कारखाना १८६२ मध्ये सुरू झाला. जो कारखाना इंजिनाचे बहुतेक भाग घडवू शकतो, तो पूर्ण इंजिनही बांधू शकतो, हे पुढे अजमेरने सिद्ध केले. १८९५ मध्ये तिथे तयार झालेले मीटरगेजचे एफ-७३४ हे संपूर्णपणे भारतात बांधलेले पहिले इंजिन मानले जाते. आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. १८९९ मध्ये जमालपूरनेही आपले पहिले इंजिन बांधले.

कौशल्य होते, मग हा उद्योग का वाढला नाही? रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे लंडनमध्ये होती, खरेदीचे निर्णय तिथेच होत आणि मोठ्या मागण्या ब्रिटिश कारखानदारांकडे जात. १९२१ मध्ये सिंहभूममध्ये पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी स्थापन झाली. परंतु पुरेशी मागणी आणि सरकारी संरक्षण न मिळाल्याने तिचा इंजिन बांधण्याचा बेत फसला. कारागीर तयार होते, ग्राहक मात्र परका होता.

या पार्श्वभूमीवर गोव्याच्या मार्गाकडे पाहू. मुरगाव ते सावर्डे हा भाग १८८७ मध्ये आणि कॅसलरॉकपर्यंतचा घाट १८८८ मध्ये खुला झाला. घाटातील चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. अशा चढावर इंजिनाच्या बॉयलरवर ताण येतो, उतरणीवर ब्रेक आणि चाके झिजतात. सपाटीवरच्या मार्गापेक्षा अशा मार्गाला कारखान्याची गरज अधिक. १९०२ मध्ये हा मार्ग चालवण्याची जबाबदारी सदर्न मराठा रेल्वेकडे गेली. या कंपनीचा कारखाना १८८५ पासून हुबळीत होता. दोन्हीकडे रूळ मीटरगेजचेच असल्याने घाटावरचे इंजिन स्वतःच्या चाकांवर हुबळीपर्यंत जाऊ शकत होते. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातील रेल्वे वाहतूक थांबली, तेव्हा प्रवासी आणि मालाबरोबरच हा दुवाही तुटला. तो पुन्हा जुळला गोवामुक्तीनंतर.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० मध्ये चित्तरंजन कारखान्यातून ‘देशबंधू’ हे पहिले इंजिन बाहेर पडले. सिंहभूमच्या त्याच फसलेल्या कारखान्याच्या जागी १९४५ मध्ये टाटांची टेल्को कंपनी आली आणि तिने मीटरगेजची वाफेची इंजिने बांधली. जागा तीच होती. यावेळी ग्राहक स्वदेशी सरकार होते आणि मागणी निश्चित होती.

आज हुबळीच्या कारखान्यात डबे आणि वाघिणींची दुरुस्ती होते. दुसरीकडे गुजरातेतील दाहोदला, जिथे १९२६ पासून इंजिन दुरुस्तीचा कारखाना होता, तिथे मे २०२५ मध्ये ९,००० अश्वशक्तीची विद्युत इंजिने बांधणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दुरुस्तीचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या गावी नव्या उद्योगाला आयती भूमी मिळते, हे यातून दिसते.

एखाद्या रेल्वे कारखान्याच्या स्थलांतराची किंवा काम कमी होण्याची बातमी येते, तेव्हा चर्चा नोकऱ्यांच्या आकड्यांपाशी थांबते. आकडा महत्त्वाचा आहेच. पण ज्येष्ठ कारागिराकडून शिकाऊ उमेदवाराकडे जाणारी विद्या एकदा खंडित झाली, तर ती निव्वळ निविदा काढून परत मिळत नाही. अजमेरच्या कामगारांनी १८९५ मध्ये जे करून दाखवले, ते देशाच्या धोरणात उतरायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या अवधीत हे हात कामात राहिले, म्हणूनच पुढचा टप्पा गाठता आला.