आमच्या माजघरातली ज्यूरी

साबणाचा आणि अश्रूंचा संबंध लहान मुलाला न्हाऊ घालणाऱ्या कुणालाही ठाऊक असतो. अमेरिकेतल्या साबण-कारखानदारांना तो १९३० च्या सुमारास उमगला. दुपारी घरकाम करता करता बायकांनी ऐकावे म्हणून रेडिओवर रोज थोडे थोडे पुढे सरकणारे घरगुती कथानक सुरू करायचे आणि मधून मधून आपल्या साबणाची वडी पुढे करायची, अशी ती युक्ती. वर्तमानपत्रांनी चेष्टेने त्याला 'सोप ऑपेरा' म्हटले आणि ते नाव चिकटले ते कायमचेच. मालिका म्हटले की आमच्या प्राध्यापक-कक्षात अजूनही नाके मुरडली जातात. मुरडणारांपैकी निम्मे घरी जाऊन त्याच पाहतात, ही गोष्ट निराळी!

मी आज ज्या मालिकेविषयी लिहिणार आहे, तिच्यात मात्र साबण नाही आणि चित्रही नाही. बीबीसीच्या रेडिओवर १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येणारी आणि आजही चालू असलेली 'द आर्चर्स' ही ती मालिका. अँब्रिज नावाचे एक काल्पनिक खेडे, त्यातले आर्चर हे शेतकरी कुटुंब, आणि संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतरची तेरा-एक मिनिटे. युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत शेतकऱ्यांना नवी शेती गोडीगुलाबीने शिकवावी, हा तिचा मूळ हेतू. शिकवता शिकवता माणसे इतकी खरी झाली, की २२ सप्टेंबर १९५५ रोजी ग्रेस आर्चर नावाची सून घोडे वाचवायला जळत्या तबेल्यात शिरली आणि मेली, तेव्हा घराघरांतून सुतक पाळल्यासारखे झाले. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या वेडेपणाचे नवल वाटू नये. माझी आई त्यांतलीच.

माझी थोरली बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली. 'द आर्चर्स'चे ध्वनिमुद्रण त्याच गावी होते. पहिल्या हिवाळ्यात इंग्रजी कानांवरून जावे म्हणून अक्का ही मालिका ऐकू लागली. इंग्रजी सुधारले, पण सवय काही सुटली नाही. तिच्याकडून हेलनची कथा आमच्या घरात आली.

हेलन ही पॅट आणि टोनी आर्चर यांची मुलगी. मुळातच दुःखाने पोळलेली. भाऊ ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. पुढे जिच्यासोबत राहायची त्या माणसाने आत्महत्या केली. मध्यंतरी तिने अन्नपाणी टाकून स्वतःची हाडे केली होती. मग नवऱ्यावाचून, दात्याच्या बीजाने एक मुलगा होऊ दिला, हेन्री. अशा मुलीच्या आयुष्यात २०१३ साली रॉब टिचनर आला. देखणा, आर्जवी, कामाचा उरक असलेला. गावाला आवडला, आईबापांना आवडला, आजीला तर फारच आवडला. लग्न झाले आणि घराचे दार लागले.

त्या दाराआड काय होते? मारझोड जवळजवळ नाहीच. "हा पोशाख तुला शोभत नाही, बदल." "तू थकलेली दिसतेस, दुकानात जाऊ नकोस." "गाडी तू चालवू नकोस, मला काळजी वाटते." "ती तुझी मैत्रीण तुझे कान भरते." एकेक वाक्य सुटे घेतले, तर कुणाही काळजीवाहू नवऱ्याच्या तोंडी शोभेल असे. अडीच वर्षे ही वाक्ये एकावर एक रचली जात होती. शेवटी ती बाई काय रांधायचे तेदेखील भीत भीत ठरवू लागली. बाहेर रॉब हलक्या आवाजात सांगे, "हेलनचे मन पुन्हा ढासळते आहे हो." आणि पूर्वीचा इतिहास आठवून सख्खी आईसुद्धा मान डोलवी. पॅटसारखी शहाणी बाई! लेकीच्या दुखण्याची तिला इतकी सवय झाली होती, की लेकीचे नवे दुखणे तिला जुनेच वाटले.

३ एप्रिल २०१६ च्या भागात, दिवस भरत आलेल्या हेलनने घर सोडून जाते असे सांगितले. रॉबने तिच्या हातात सुरी दिली आणि तुला सुटायचे असेल तर स्वतःचा जीव घे, म्हणाला. तेवढ्यात आवाजाने जागा होऊन पाच वर्षांचा हेन्री समोर आला, रॉब त्याच्यावर ओरडला, आणि सुरी रॉबच्या अंगात गेली. तो वाचला. ती तुरुंगात गेली, धाकटा जॅक तिथेच कोठडीत असताना जन्मला, आणि हेन्री राहिला रॉबकडे.

आता गंमत अशी की, या खटल्यात खरे साक्षीदार पन्नास लाखांच्या आसपास होते. आठवड्याला तितके लोक त्या सुमारास ही मालिका ऐकत. त्या स्वयंपाकघरात काय बोलले गेले ते पॅटला ठाऊक नव्हते, न्यायाधीशाला नव्हते. श्रोत्यांना शब्दन्‌ शब्द ठाऊक होता. पण त्यांना पिंजऱ्यात कोण बोलावणार? त्यांनी मग आपल्या परीने साक्ष दिली. एका श्रोत्याने हेलनच्या नावाने निधी काढला आणि छळ सोसणाऱ्या खऱ्याखुऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या 'रेफ्यूज' या संस्थेसाठी लाखाहून जास्त पौंड गोळा झाले. इंग्रज श्रोत्यांना याचा पूर्वाभ्यास होता म्हणा. १९९८ साली 'कोरोनेशन स्ट्रीट' या दूरचित्रवाणी-मालिकेतल्या डिअर्ड्रीला एका ठकाच्या पापासाठी तुरुंगवास झाला, तेव्हा तिला सोडवा म्हणून मोहीम निघाली आणि पंतप्रधान टोनी ब्लेअरही त्यात बोलले. पण डिअर्ड्री सरळसरळ निरपराध होती. हेलनच्या हातात सुरी होती.

म्हणून वादाला तोंड फुटले. निघून का नाही गेली? आधी का नाही बोलली? आईला कसे कळले नाही? आणि रॉबची आई अर्सुला, मुलाच्या बाजूने खिंडीसारखी उभी राहिलेली, तिला काय म्हणायचे?

त्या वर्षी अक्का गणपतीला साताऱ्यास माहेरी आली होती आणि खटल्याचे भाग नेमके त्याच आठवड्यात होते. गौरी गेल्या होत्या, गणपती मात्र दहा दिवसांचा. रोज सकाळी अक्का आदल्या रात्रीचा भाग दूरध्वनीवर ऐकून मराठीत सांगे, आणि मोदकांची पिठी मळता मळता खटला चाले. आमचे अण्णा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पुरावा काय?"

"अहो, अडीच वर्षं ऐकतेय मी," अक्का म्हणाली.

"तू ऐकलंस. कोर्टानं नाही. अंगावर वळ आहे? डॉक्टरचा दाखला आहे? नवरा टाकून बोलला म्हणून सुरी खुपसायची, तर गावात एक नवरा शिल्लक राहायचा नाही."

दादा हसला. वहिनी हसली नाही. ती पिठीत पाणी घालत राहिली.

अण्णांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. वळ नसलेल्या छळाला इंग्लंडच्या कायद्याने वेगळा गुन्हा ठरवले ते २०१५ च्या कायद्याने. तो अमलात आला डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे त्या सुरीच्या जेमतेम तीन महिने आधी. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेतच धरला आहे. मी हे सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, "कायद्यात धरणं वेगळं आणि कोर्टात ठरणं वेगळं." चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

मग आई बोलली. आई सहसा वादात पडत नाही. "नानावटीच्या वेळी तुम्ही कुणाकडून होतात?"

अण्णा १९५९ साली कॉलेजात होते. बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडणाऱ्या कमांडर नानावटीला मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, तेव्हा निम्म्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या होत्या. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, आणि १९६४ मध्ये माफी मिळून तो सुटलाही. अण्णा नानावटीच्या बाजूचे, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. ते ती हकीकत रंगवून सांगत.

"त्याचा क्षोभ अनावर झाला होता," अण्णा म्हणाले.

"त्याचा तो क्षोभ," आई म्हणाली, "आणि हिचं ते डोकं फिरलं."

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. आई थांबली असती तरी चालले असते, पण ती थांबली नाही. "वन्सं तीनदा आल्या होत्या," ती म्हणाली. "वळ त्यांच्याही अंगावर नव्हता."

माझी एक आत्या कराडला दिली होती. ती मला आठवते ती फक्त भिंतीवरच्या फोटोतली. ती तीनदा माहेरी आली, आणि आजोबांनी तीनदा परत पाठवली, इतके उडत उडत ऐकले होते. तिसऱ्या वेळी एस.टी.त बसवून द्यायला धाकटा भाऊ म्हणून अण्णा गेले होते, हे त्या दिवशी कळले. त्यापुढे आई काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही. वहिनीने परात उचलून आत नेली.

इंग्रज वर्तमानपत्रांतून पॅट आणि टोनी यांना पुष्कळ दूषणे दिली गेली. मला ती तितकी पटली नाहीत. माहेरच्यांना दिसत नाही याचे कारण त्यांचे प्रेम कमी असते असे नाही. लेकीचे बरे चालले आहे यावर त्यांची स्वतःची झोप अवलंबून असते, आणि झोपेच्या आड येणारा पुरावा माणूस सहजी दाखल करून घेत नाही. अर्सुलाचे तर याहून अवघड. रॉबचा बाप ब्रूस हाही तसाच दरडावणारा. म्हणजे मुलाला दोषी म्हणायचे तर तिला आपला सगळा संसारच दोषी म्हणावा लागणार. अक्काला अर्सुलाचा संताप येई. आईला मात्र तिची कीव आली. "तिला सुनेचं सगळं कळत होतं गं," ती म्हणाली. "तिनं तेच सोसलं आणि त्यालाच संसार म्हटलं."

निकालाचा भाग रविवारी, ११ सप्टेंबरला, नेहमीच्या तेरा मिनिटांऐवजी तासाभराचा होता. तिथले सात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. शेजारती होऊन गेलेली, समईची वात बारीक केलेली, आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा यंत्राभोवती. जवळजवळ सारा भाग ज्यूरीच्या बंद खोलीतला. बारा परकी माणसे, कुणाला घरी जायची घाई, कुणाला बाईचा राग, कुणाला आपलेच काही आठवलेले. आयलीन अ‍ॅटकिन्ससारख्या नामवंत नटीला त्यासाठी बोलावले होते. तिथलाही एकजण अण्णांचाच प्रश्न विचारत होता. अक्का मधून मधून पुटपुटत मराठी करीत होती. पुढे पुढे तेही सोडले. अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपले असतील असे वाटले.

'निर्दोष' हा शब्द आला तेव्हा अक्का रडली. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "ते पोर कुणाकडे गेलं?" एवढेच विचारले. हेन्री आईकडे परत आला, ते पुढच्या भागांत.

मी वर्गात गडकऱ्यांचे 'एकच प्याला' शिकवते. दारूच्या भरात सुधाकराने मूल मारले, सिंधूला मरणाच्या दारात नेले, आणि ती फौजदारापुढे खोटे बोलून नवऱ्याला वाचवते. १९१९ पासून शंभर वर्षे प्रेक्षकांनी त्या प्रवेशाला रुमाल भिजवले. हेलनही बरेच दिवस गप्पच होती, पण ती मुलासाठी. हेन्रीला साक्षीला ओढू नये म्हणून. परवा एका मुलीने विचारले, "मॅडम, सिंधू वाचली असती तर दुसऱ्या दिवशी काय केलं असतं?" प्रश्नपत्रिकेत घालावा असा प्रश्न, पण उत्तरे कोण तपासणार?

रॉब गावाबाहेर गेला, पण मालिकेतून गेला नाही. २०२३ मध्ये तो अँब्रिजला परतला तो मेंदूतल्या गाठीने मरायला टेकलेला. धाकट्या जॅकला भेटायचे म्हणत होता. मरणाऱ्या बापाला पोर दाखवायचे की नाही? पुन्हा घरोघर भांडणे. अक्काने दूरध्वनीवरून आमची मते मागितली. दादा म्हणाला, दाखवावे, माणुसकी आहे. वहिनी म्हणाली, "नाही," आणि या वेळी कारणेही सांगितली, मोजून चार. आईने दोन दिवस विचार करायला मागून घेतले.

अण्णा म्हणाले, "पोराची आई काय म्हणते? ती म्हणेल ते." मग फोटोखालच्या खुर्चीवरून उठून ते फिरायला गेले.