केटामाइन : बदनामीआडचे भुलीचे औषध

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीपासून सुरू होतो आणि तळोज्याची औद्योगिक वसाहतही याच तालुक्यात येते, त्यामुळे अपघातात रक्तस्रावाने खचलेला किंवा कारखान्यात भाजलेला रुग्ण तातडीने हाताळावा लागणे हा येथील भूलतज्ज्ञांच्या कामाचाच भाग आहे. अशा वेळी मोलाचे ठरणारे केटामाइन मात्र सामान्य वाचकाला बहुधा अमली पदार्थांच्या बातम्यांतूनच ठाऊक असते.

ते ‘घोड्याचे इंजेक्शन’ आहे, हा समज अर्धवट आहे. पशुवैद्य ते वापरतात हे खरे. परंतु कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते तयार केले ते माणसाच्या भुलीसाठी, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. भारतात २०११ साली अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्याचा समावेश मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांत झाला, म्हणजे त्यावर नियंत्रण आले. रुग्णालयातील वापरावर बंदी आली नाही.

रुग्णाचे डोळे उघडे दिसले की भूल चढली नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. शिरेतून दर किलो वजनामागे १ ते २ मिलिग्रॅम औषध दिल्यावर साधारण मिनिटभरात मेंदूतील एनएमडीए नावाचे संदेशग्राहक अडवले जातात, वेदना आणि जाणीव यांचा दुवा तुटतो, आणि डोळे उघडे असूनही, क्वचित हातपाय हलत असूनही, रुग्णाला वेदना कळत नाही. याला विलगतेची भूल म्हणतात. प्रोपोफॉल या भुलीच्या दुसऱ्या औषधाने रक्तदाब उतरतो. केटामाइनने तो सहसा टिकतो किंवा वाढतो, श्वासही बहुधा चालू राहतो, आणि म्हणूनच रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी व भाजलेल्याच्या वेदनामय ड्रेसिंगसाठी त्याचे महत्त्व फार मोठे आहे.

तरीही ‘श्वास चालू राहतो, मग देखरेख कशाला’ हा समज सर्वांत घातक होय. लाळ वाढते, स्वरयंत्र आवळले जाऊ शकते, शुद्धीवर येताना भास होतात, आणि अतिशय खचलेल्या रुग्णाचा रक्तदाब उलट घसरूही शकतो. म्हणून प्राणवायू, लाळ ओढणारे यंत्र आणि प्रशिक्षित हात जवळ असावेच लागतात. अनियंत्रित उच्च रक्तदाब किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असल्यास ते सहसा टाळले जाते. डोक्याला मार असेल तर ते कधीच देऊ नये, हा जुना नियम मात्र, कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांवरील अभ्यासांनंतर, बराच सैल झाला आहे.

केटामाइन नैराश्यावरही वापरले जाते; त्या वापराबद्दल एवढेच, की तेथे मात्रा भुलीपेक्षा कमी असते, परिणाम काही तासांत दिसला तरी एका मात्रेनंतर तो सहसा काही दिवसच टिकतो, आणि तो उपचार मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीतच व्हावा लागतो.