पावसाचे पाणी काय घेऊन जाते?

ठाकुर्लीला पाऊस पडला, की त्याचे पाणी कुठे जाते? आधी गटारात, मग नाल्यात, आणि नाल्यातून उल्हासच्या खाडीत. पण हे पाणी जाताना बरोबर काय काय नेते, याचा हिशेब कुणी ठेवतो का? आज तो हिशेब कसा मांडतात ते पाहू.

घाण कुठून येते?

उन्हाळाभर जमिनीवर घाण साठत असते. रस्त्यावर गाड्यांचे तेल सांडते. टायर झिजून काळी भुकटी पडते. गोठ्याबाहेर शेण असते, शेतात खत आणि औषध असते, नाक्यावर कचऱ्याचा ढीग असतो. कारखान्याच्या आवारात सांडलेली पूड असते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला, की हे सारे धुऊन निघते. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घाण असते.

एखाद्या नळीतून घाण पडत असेल, तर तिच्या तोंडाशी उभे राहून बोट दाखवता येते. पावसाबरोबर येणाऱ्या घाणीला असे एक तोंड नसते. ती शंभर अंगणांतून थोडी थोडी येते. ज्याला विचारावे तो म्हणतो, "मी नाही बुवा!"

आणि सोसतो कोण? खाडीत जाळे टाकणारा सोसतो. पाणी पिणाराही सोसतो. मोहिली येथे उल्हास नदीचे पाणी उचलून, शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीला देतात. वर कर्जत, नेरळ, बदलापूरकडे पाऊस पडला, की तिकडची घाण याच नदीत उतरते. घाण जितकी जास्त, तितके पाणी शुद्ध करणे अवघड.

पाणलोट म्हणजे काय?

कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडचे पाणी पुढच्या पन्हळीत पडते, पलीकडचे मागच्या. जमिनीचेही तसेच. ज्या जमिनीचे पाणी एका नाल्यात उतरते, ती जमीन त्या नाल्याचा पाणलोट. डोंगराची धार म्हणजे त्याचे आढे. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची हद्द पाण्याला ठाऊक नसते. ते फक्त उतार ओळखते.

नकाशावर नकाशा

या हिशेबाचे साधन म्हणजे जीआयएस. मराठीत त्याला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. नाव मोठे, पण काम समजण्याजोगे आहे.

समजा, एकाच भागाचे चार नकाशे आपण पारदर्शक कागदावर काढले. पहिल्यावर जमिनीची उंची, दुसऱ्यावर मातीची जात, तिसऱ्यावर शेत, घरे, रस्ते, कारखाने, आणि चौथ्यावर पाऊस. चारही कागद नीट एकावर एक ठेवले, तर कोणत्याही ठिकाणची चारही माहिती एकदम दिसते. संगणक हेच काम करतो. १९६० नंतरच्या दशकात कॅनडा देशात जमिनीची मोजदाद करण्यासाठी असे काम सुरू झाले. आपल्या राज्यासाठी नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र असे नकाशे तयार करते.

संगणक नकाशाचे चौकोन पाडतो. समजा, एक चौकोन ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. त्यांत सर्वांत खाली कोण, ते संगणक पाहतो आणि पाणी तिकडे सोडतो. भाताच्या वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरते ना, अगदी तसेच. असे करता करता नाले आपोआप नकाशावर उमटतात.

आता हिशेब

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपला चौकोन ९०० चौरस मीटरचा. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९,००० लिटर पाणी झाले. चौकोनात गवत असेल, तर बरेच पाणी मुरते. समजा, १०० लिटरांतले २० वाहिले. म्हणजे १,८०० लिटर. तिथेच सिमेंट केले आणि १०० तले ९० वाहिले, तर ८,१०० लिटर. त्या पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम घाण असली, तर एका चौकोनातून ८ किलोहून अधिक घाण नाल्यात गेली! असे सगळे चौकोन मोजले, की कोणत्या जागेहून जास्त घाण येते ते कळते. पैसा थोडा असतो. तो आधी कुठे खर्च करावा, हे त्यावरून ठरवता येते.

नकाशा चुकतो केव्हा?

१८५४ साली ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली. रुळांसाठी भराव घालतात. वरून घेतलेल्या उंचीच्या नकाशात असा भराव बांधासारखा दिसतो. संगणकाला वाटते, पाणी इथे अडले. पण भरावाखाली मोरी असते, आणि पाणी तिच्यातून पलीकडे जाते. मोरी कुठे आहे, ती तुंबते केव्हा, भरतीचे पाणी नाल्यात कुठवर चढते, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. ही माहिती नकाशात आली नाही, तर दोष भलत्याच वस्तीवर जाईल आणि पैसाही भलत्याच नाल्यावर खर्च होईल.

म्हणून नाल्याची पाहणी करायला कुणी आले, तर "आपल्याला काय त्याचे!" असे म्हणू नका. बरोबर जा. मोरी दाखवा. तिचे नाव नकाशावर लिहिले का, ते वाचून पाहा. आता तुम्हाला वाचता येते.

आणि एवढे घरी करा. शेणाला खड्डा करा. गाडीचे जुने तेल गटारात ओतू नका. पाऊस भरून आला असता शेतात खत टाकू नका. नाल्याच्या काठचे गवत राखा, ते घाण अडवते.

येत्या जूनमध्ये पहिल्या पावसाचे नाल्याचे पाणी एका काचेच्या बाटलीत भरा. हात साबणाने धुवा. आठ दिवसांनी पुन्हा दुसरी बाटली भरा. दोन्हींवर तारीख लिहा, आणि शेजारी शेजारी ठेवून शेजाऱ्यांना दाखवा.