जुना गराफांव धुताना

गोव्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर नाहीतर कोठीच्या खोलीत एखादा गराफांव सापडतोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गराफांव म्हणजे फुगीर पोटाची आणि अरुंद गळ्याची मोठी काचेची बाटली. शब्द पोर्तुगीज आहे. कुणाकडे त्यात फेणी असते, कुणाकडे माडाचं व्हिनेगर. आमच्या शेजारच्या आंटींकडे नाताळसाठी घरी केलेली द्राक्षाची वाइन असते. (दारू तयार करण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्यावेत. इथे विषय फक्त भांड्याचा.) दरवर्षी गराफांव धुवायला मी मदतीला जाते आणि मेकॅनिकलला आल्यापासून मला त्या कामात आपला निम्मा सिलॅबस दिसायला लागलाय.

पहिला प्रश्न साबणाचा नाहीच मुळी. या भांड्यात आधी काय होतं, हा आहे. पूर्वी ॲसिडसुद्धा अशाच मोठ्या काचेच्या बाटल्यांतून यायचं, आणि रिकाम्या बाटलीत लोक रॉकेलपासून वाट्टेल ते भरून ठेवायचे. जुन्या बाजारातून आणलेल्या बाटलीचा इतिहास कुणाला सांगता येत नसेल, तर तिचा सरळ लॅम्प करावा. कितीही धुतली तरी तिच्यात खाण्यापिण्याचं काही घालू नये. शोभेच्या लेड क्रिस्टलच्या भांड्यांचंही तेच, कारण आंबट वाइनमध्ये त्यातलं शिसं उतरतं.

इतिहास स्वच्छ निघाला की मग गरम पाणी. आणि इथेच सगळे घाई करतात! जुनी काच म्हणजे साधी सोडा-लाइम काच. लॅबमधल्या बीकरच्या बोरोसिलिकेट काचेपेक्षा ती तापल्यावर जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. त्यात फुंकून केलेल्या बाटलीची जाडी सगळीकडे सारखी नसते. आत उकळतं पाणी ओतलं की आतला थर ताणू बघतो, बाहेरचा थंड थर त्याला धरून ठेवतो आणि स्वतः ताणाखाली येतो. हिशोब सोपा आहे. यंग्स मॉड्युलस ७० गिगापास्कल, प्रसरणांक दर अंशाला ०.०००००९, तापमानातला फरक ६० अंश. गुणाकार केला तर सुमारे ३८ मेगापास्कल येतात. प्रत्यक्षात ताण याहून कमी-जास्त होईल, पण चरे पडलेली जुनी काच तडकायला एवढा पुरेसा आहे. म्हणून कोमट पाणी, फार तर हाताला सोसेल इतकं. आणि भांडं फरशीवर नाही, दुमडलेल्या गोणपाटावर.

चऱ्यांचं महत्त्व ए. ए. ग्रिफिथने १९२१ मध्ये दाखवून दिलं. काच हिशोबापेक्षा फार लवकर तुटते, कारण बारीक भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो. आता बघा, पुष्कळ जण आतलं कीटण काढायला वाळू किंवा बारीक खडी घालून बाटली खळखळवतात. कीटण निघतं हे खरं, पण दर खेपेला आत नवे चरे पडतात. त्याऐवजी मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून फिरवावं. ब्रश वापरायचा असेल तर त्याच्या टोकाची तार कापडाने गुंडाळलेली हवी.

तरीही घासण्यापेक्षा भिजवणं बरं, फक्त डाग कसला आहे ते ओळखलं पाहिजे. खांद्याजवळचं तपकिरी कडं म्हणजे आंबताना वर आलेल्या फेसातलं यीस्ट आणि फळाचा गर. ते सेंद्रिय असल्यामुळे त्याला अल्कली लागते, म्हणजे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे), पाच लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे, रात्रभर. हातात ग्लोव्ह्ज हवेत. तळाशी साखरेसारखे कडक खडे दिसले तर ते द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडचे क्षार, तेही याच सोड्यात विरघळतात. पांढरा थर मात्र विहिरीच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर सोडा काहीच करत नाही, तिथे व्हिनेगर लागतं. बुडबुडे दिसले की समजावं, औषध बरोबर पडलं. क्रम आधी सोडा, मग पाणी, मग व्हिनेगर असाच ठेवावा, कारण जड पाण्यात सोडा स्वतःच थोडा पांढरा थर सोडून जातो. दोन्ही एकदम घातले तर ते एकमेकांनाच मारतात, फेस छान दिसतो एवढंच! एवढं करूनही धुरकटपणा राहिला तर काचच झिजलेली आहे. ती घासून परत येत नाही.

स्वच्छ दिसणं म्हणजे जंतुविरहित होणं नव्हे. वाइनचं व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया त्या तपकिरी कड्याखाली आरामात बसतात आणि वरून ओतलेलं कुठलंही जंतुनाशक त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही. म्हणून निर्जंतुक करणं नेहमी धुण्यानंतर. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लिटरला १० ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, हे पाणी आतून सगळीकडे फिरवायचं. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, तेव्हा काम अंगणात करावं आणि दमा असलेल्यांनी लांबच राहावं. ब्लीच शक्यतो नको. व्हिनेगरचा अंश राहिलेल्या बाटलीत ब्लीच घातलं तर क्लोरिन वायू तयार होतो, आणि तो बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतो. आंटी तर व्हिनेगरचा गराफांव वाइनला कधीच लावत नाहीत. मला त्यांचं पटतं.

रिकामा करतानाही एक गंमत आहे. भांडं नुसतं उलटं केलं तर गळ्यातून हवा आत जायला धडपडते आणि पाणी गुडगुड करत, धक्के देत पडतं. उलटं करून दोन-तीनदा गोल फिरवलं की आत भोवरा तयार होतो, मधून हवा वर जाते, कडेने पाणी सलग खाली येतं. पण हे पाच लिटरच्या बाटलीपुरतंच. वीस लिटरचा भरला तर नुसतं पाणीच वीस किलो, त्यात ओली काच निसरडी. तो गळ्याला धरून कधीच उचलू नये. जागेवरच ठेवून पाणी नळीने ओढून काढावं, मग तळाखाली हात देऊन दोघांनी मिळून क्रेटमध्ये उपडा करावा, गळा अधांतरी राहील असा, आणि तोंडाला पातळ फडकं बांधून पूर्ण सुकेपर्यंत तिथेच राहू द्यावा.