थ्रिलरची पहिली दोन मिनिटं : संकेत पाळायचे की मोडायचे?



मोबाइलवर फिल्म बनवणं हा आता शाळा-कॉलेजातल्या प्रकल्पांचा नेहमीचा भाग झाला आहे. केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए.एस. पातळीवरच्या मीडिया स्टडीज विषयात तर नव्या कथापटाची दोन मिनिटांची सुरुवात, श्रेयनामावलीसकट, तयार करण्याचं काम निवडता येतं. नंतर विद्यार्थ्याला आपल्या कामावर चिंतन करावं लागतं. त्यात विचारलं जातं की तुम्ही रूढ संकेत कसे वापरले, कुठे त्यांना आव्हान दिलं आणि समाजातल्या गटांचं चित्रण कसं केलं.

मुलांना सर्वांत आवडतो तो थ्रिलर. खर्च कमी, पात्रं दोन-तीन आणि शेजारचा अंधारा जिना फुकट! पण मग बहुतेक फिल्म एकाच साच्यातून निघतात. रात्र, एकटी मुलगी, मागून पावलांचा आवाज, हूडीवाला माणूस, किंकाळी, काळा पडदा आणि लाल अक्षरांत नाव. तंत्र चांगलं असतं, तरी बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. असं का होतं आणि वर्गात त्यावर काय करता येईल, ते आज पाहू.

संकेत म्हणजे काय?

संकेत म्हणजे नियम नव्हे. तो प्रेक्षक आणि दिग्दर्शक यांच्यातला न लिहिलेला करार असतो. कीर्तनात बुवा उभे राहिले की आता पूर्वरंग, मग उत्तररंग, हे श्रोत्यांना ठाऊक असतं. तसंच थ्रिलर सुरू झाला की प्रेक्षक काही गोष्टींची वाट पाहू लागतो : काहीतरी लपवलेलं असणार, कुणीतरी धोक्यात असणार आणि मला सगळं एकदम सांगणार नाहीत.

थ्रिलरच्या सुरुवातीचे नेहमीचे संकेत असे :

- कमी उजेड, लांब सावल्या, अरुंद जागा
- हात, पाय, वस्तू यांचे क्लोजअप. चेहरा मात्र लपवलेला
- कुणीतरी पाहतंय असं वाटायला लावणारा कॅमेरा
- हळूहळू चढणारं संगीत किंवा नको इतकी शांतता
- एक अनुत्तरित प्रश्न आणि त्यानंतर चित्रपटाचं नाव

ही यादी मुलांना पाठ असते. पण प्रत्येक संकेत कोणतं काम करतो, हे त्यांना सांगता येत नाही. आपलं शिकवणं तिथूनच सुरू व्हायला हवं.

संकेत वापरणं म्हणजे नक्कल नव्हे

आल्फ्रेड हिचकॉक धक्का आणि उत्कंठा यांतला फरक समजावताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देत. दोघंजण टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि त्या दोघांना तो माहीत नसला, तर त्याच गप्पा जीव टांगणीला लावतात.

ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाची सुरुवात म्हणजे याचं जिवंत उदाहरण. कुणीतरी बॉम्बची वेळ लावतं, तो गाडीच्या डिकीत ठेवतं, आणि ती गाडी सीमेवरच्या गावातून हळूहळू जात राहते. तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट नाही! गाडी थांबते, माणसं आडवी येतात, आणि आपण मनात सेकंद मोजतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज'मध्ये (१९७५) पहिला बळी जातो तेव्हा शार्क दिसतच नाही. पाण्याखालून पाहणारा कॅमेरा आणि संगीत यांवरच भीती उभी राहते. डेव्हिड फिंचर यांच्या 'सेव्हन'मध्ये (१९९५) काइल कूपर यांनी केलेल्या श्रेयनामावलीत बोटं, ब्लेड, वह्या आणि खरवडलेली अक्षरं दिसतात. चेहरा दिसत नाही. विद्यार्थ्यांसाठी यात मोठा धडा आहे. श्रेयनामावली नंतर चिकटवायची पट्टी नसते, ती गोष्टच सांगत असते.

आणि मोडणं?

आता हिचकॉक यांचाच 'सायको' (१९६०) घ्या. अंधार नाही, पाऊस नाही. भर दुपारचं शहर दिसतं. पडद्यावर शहराचं नाव, वार, तारीख आणि वेळसुद्धा येते : दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. मग कॅमेरा एका खिडकीतून हॉटेलच्या साध्या खोलीत शिरतो. अजून गुन्हा घडलेला नाही.

तरी आपण अस्वस्थ का होतो? कारण त्याआधी सॉल बॅस यांच्या तुटणाऱ्या, सरकणाऱ्या रेषांची श्रेयनामावली आणि बर्नार्ड हरमन यांचं फक्त तंतुवाद्यांवरचं संगीत आपल्या कानामनात बसलेलं असतं. म्हणजे बघा हं, हिचकॉक यांनी आधी करार केला आणि मग त्यातलं एक कलम मोडलं. करारच केला नसता, तर ती नुसती दुपार राहिली असती.

सुजॉय घोष यांच्या 'कहानी'तही (२०१२) तसंच. सुरुवातीला कोलकात्याच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला होतो. हा थ्रिलरचा ओळखीचा दरवाजा. पण त्यातून आत येते ती हरवलेल्या नवऱ्याला शोधणारी गरोदर बाई. 'बिचारी' म्हणून जिच्याकडे पाहायची आपल्याला सवय, तीच शोध घेणारी. आपल्या या सवयीवरच चित्रपट पुढे खेळतो.

म्हणून मुलांना एक साधं सूत्र द्या : बरेचसे संकेत नीट पाळा, एक विचारपूर्वक मोडा. सगळेच मोडले तर तो थ्रिलर राहत नाही. एकही मोडला नाही तर तो कुणाचाही असू शकतो.

कोणता संकेत मोडावा?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. रात्रीऐवजी दुपार करणं सोपं. पण थ्रिलर आणखी एक गोष्ट न बोलता ठरवतो : कुणाला घाबरायचं आणि कुणी मरायचं.

मुलांच्या फिल्ममध्ये बळी बहुतेक वेळा मुलगी असते. संशयित कोण? वॉचमन, मजूर, मळक्या कपड्यांतला माणूस, चेहऱ्यावर व्रण असलेला, नाहीतर मानसिक आजार असलेला. मुलं हे वाईट हेतूने करत नाहीत. त्यांनी पाहिलेल्या कितीतरी सिनेमा-मालिकांनी हे 'शॉर्टकट' त्यांच्या हाती दिलेले असतात. दोन मिनिटांत भीती निर्माण करायची, तर तयार भीती उचलली जाते. पण तीच भीती मग सोसायटीच्या गेटवर, बसमध्ये, वर्गात खऱ्या माणसांना चिकटते. चित्रणाबद्दलचा प्रश्न संकेतांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तो यामुळेच.

तेव्हा पटकथा तपासताना विचारा : हा माणूस भीतिदायक का वाटतो? त्याने काही केलंय म्हणून, की तो फक्त तसा दिसतो म्हणून?

वर्गात करून पाहा

समजा, फिल्मचं नाव आहे 'बाहेर'. ठिकाण सोसायटीचं गेट, वेळ दुपारची.

- ० ते २० सेकंद : पेनाचा खरखर आवाज. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरचा क्लोजअप. कलाकार-तंत्रज्ञांची नावं त्यातल्याच ओळींत लिहिलेली.
- २० ते ५० : वॉचमनकाका पानं उलटतात. एका नावासमोर तीन दिवसांपूर्वी आत गेल्याची वेळ आहे. 'बाहेर'चा रकाना रिकामा.
- ५० ते ८० : ते इंटरकॉमवर विचारतात. पलीकडून शांत उत्तर येतं, "ते तर त्याच दिवशी गेले." काकांची नजर पार्किंगकडे जाते. पाहुण्याची स्कूटर तिथेच, सीटवर धूळ.
- ८० ते ११० : काका लिफ्टकडे निघतात. कॅमेरा मात्र टेबलापाशीच थांबतो. एक हात फ्रेममध्ये येतो आणि रिकाम्या रकान्यात वेळ लिहितो.
- ११० ते १२० : लिफ्टचं दार बंद होण्याचा आवाज. नाव : 'बाहेर'.

इथे पाळलं काय? क्लोजअप, लपवलेला चेहरा, आवाज, अनुत्तरित प्रश्न. शिवाय तो हात आपल्याला दिसला, काकांना नाही. म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब आलाच. मोडलं काय? रात्र नाही, रक्त नाही, मुलगी बळी नाही. आणि ज्याच्याकडे संशयाने पाहायची सवय, तोच सगळ्यात जागरूक माणूस निघाला. आता गटांना यातली एकच गोष्ट बदलायला सांगा आणि परिणाम कसा बदलतो, ते लिहायला लावा. तो हात बांगड्या घातलेला असेल तर? लहान मुलाचा असेल तर?

चिंतन लिहिताना

"आम्ही हूडी वापरली, कारण थ्रिलरमध्ये हूडी असते," हे झालं वर्णन. "थ्रिलरमध्ये हूडी चेहरा लपवून प्रेक्षकाला अंदाज बांधायला लावते. आम्ही तेच काम फक्त हातातून केलं, कारण कपड्यांवरून कुणाला गुन्हेगार ठरवायचं नव्हतं," हे झालं स्पष्टीकरण. गुण देताना हा फरक पाहा. संकेत, त्याचं काम, आपला निर्णय आणि त्याचा परिणाम, या चार पायऱ्या उत्तरात दिसायला हव्यात.

पालकांसाठी थोडंसं

मुलगा किंवा मुलगी थ्रिलर करतेय म्हणून काळजी करू नका; भीती कशी घडवली जाते हे कळलं की ती आंधळेपणाने पसरवलीही जात नाही. मात्र शूटिंगच्या जागेची परवानगी, शेजाऱ्यांना पूर्वकल्पना, गच्चीचा कठडा आणि रस्ता टाळणं, खऱ्यासारखी दिसणारी शस्त्रं बाहेर न नेणं आणि हक्कमुक्त संगीत, एवढं बघाच. वर उल्लेख केलेले काही चित्रपट प्रौढांसाठी आहेत. आधी स्वतः पाहून मगच योग्य तेवढा भाग दाखवा.

या आठवड्यात एक करून पाहा. कुठल्याही थ्रिलरची पहिली दोन मिनिटं मुलांबरोबर आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका. त्यानंतर एकच प्रश्न विचारा : "आपल्याला कुणाची भीती वाटली आणि ती वाटायला कुणी लावली?" उत्तरं वहीत लिहून घ्या. पटकथेचा पहिला तास तिथूनच सुरू करता येईल.